तपासणाऱ्याची सही

मी काय काम करते असं कुणी विचारलं की आई दोन शब्दांत उरकते. "एक्स-रेमध्ये आहे." त्यामुळे मोरिवलीच्या आत्याच्या गुडघ्याची फिल्म मी दोनदा खिडकीच्या उजेडात धरलेली आहे आणि "गॅप कमी झालाय" असं गंभीर चेहऱ्याने सांगितलेलंही आहे. डॉक्टरही तेच म्हणाला होता म्हणे. तेव्हापासून माझ्या शिक्षणाबद्दल नातेवाइकांत कुणाला शंका उरलेली नाही.

प्रत्यक्षात मी बघते त्या गोष्टीची फिल्म काढता येत नाही. आकाशात काही जोड्या असतात, एक तारा आणि एक कृष्णविवर, एकमेकांभोवती फिरणारे. कृष्णविवर ताऱ्याचा वायू ओढत राहतं. तो वायू आत पडता पडता इतका तापतो की त्यातून क्ष-किरण निघतात. पण ओढलेलं सगळंच ते गिळत नाही. थोडा माल दोन्ही बाजूंना, जवळपास प्रकाशाच्या वेगाने, बाहेर फेकतं. त्या झोतांना आम्ही जेट म्हणतो. जेटमधून कधी कधी गॅमा किरण येतात, क्ष-किरणांहून कितीतरी जास्त ऊर्जेचे. ते कोण तयार करतं, जेटमधले इलेक्ट्रॉन की प्रोटॉन, एवढाच माझा प्रश्न होता. एवढ्याशा प्रश्नावर माझी सहा वर्षं गेली, आणि त्या सहा वर्षांत माझ्या चुलतबहिणींची दोन-दोन मुलं शाळेत जाऊ लागली.

बाबांना मी हे एकदा जेवताना सांगितलं. ते अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात तीस वर्षं बॉयलरवर होते. हातातला घास थांबवून म्हणाले, "म्हंजे आत प्रेशर वाढला की सेफ्टी वॉल्व उडतो, तसा."

"तसं नसतं हो बाबा," मी म्हटलं.

दोन वर्षांनी एका परिषदेत एका मोठ्या माणसाने जवळपास तेच सांगितलं. ते मात्र मी मन लावून उतरवून घेतलं.

मुंबईतल्या आमच्या संस्थेत मोठा संगणक आहे, पण त्याला रांग असते, आणि त्या रांगेत माझ्यापुढे नेहमी कुणाचं तरी अख्खं विश्व निर्माण होत असायचं. एका जेटवालीला कोण विचारणार? शेवटी उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका दुकानातून मी जुने-नवे भाग जोडून एक तगडं मशीन बनवून घेतलं. दुकानाचे सिंधी मालक प्रेमळ होते. "दीदी, गेमिंग के लिए?" मी म्हटलं, ब्लॅक होलचं मॉडेल चालवायचंय. "नया आया है क्या? चलेगा, चलेगा. एकदम मख्खन." सोबत वीस मिनिटं टिकणारा यूपीएसही त्यांनी दिला, आणि तो खरंच वीस मिनिटं टिकायचा. इतका शब्दाला जागणारा माणूस मला संशोधनात भेटलेला नाही.

वीस मिनिटांवर काम भागलं असतं, पण आमच्याकडे शुक्रवार असतो. शुक्रवार हा इकडच्या कारखान्यांच्या सुट्टीचा वार, म्हणून विजेच्या दुरुस्तीची कामंही त्याच दिवशी निघतात. बदलापूरला खरवईच्या नव्या इमारतीत आम्ही राहायला आलो तेव्हा बिल्डरने स्विमिंग पूलचं चित्र दाखवलं होतं, शुक्रवारचं दाखवलं नव्हतं. सकाळी नऊला वीज जायची. दुपारी दोनला यायची, कधी चारला, कधी दिवेलागणीला. बाहेरच्या देशातल्या लोकांचे प्रोग्राम महिनोन्महिने सलग चालतात. माझ्या प्रोग्रामला शुक्रवार पाळायला शिकवणं भाग होतं.

तसं मी शिकवलं. प्रोग्राम दर थोड्या वेळाने आपण कुठवर आलो ते एका फाइलमध्ये लिहून ठेवणार, आणि वीज आली की मशीन आपोआप सुरू होऊन तिथून पुढे निघणार. तो काय करत होता तेही सांगायला हवं. माझ्या मॉडेलमध्ये अकरा गोष्टी अज्ञात होत्या: जेटचा वेग, त्याचा आपल्याशी होणारा कोन, त्यातलं चुंबकीय क्षेत्र, असं बरंच. प्रोग्राम त्यांच्यात चाचपडत फिरायचा. हे थोडं वाढव, ते थोडं कमी कर, दुर्बिणींनी टिपलेल्या आकड्यांशी जुळतंय का बघ. असं आठवडेच्या आठवडे फिरून तो जिथे जास्त रेंगाळेल, तिथे उत्तर असण्याची शक्यता जास्त.

याच सुमारास बाबा निवृत्त झाले आणि घरातल्या शेगडीवर लक्ष ठेवू लागले. कुकरच्या शिट्ट्या मोजायचे. तिसरीला उशीर झाला की आईला कारण विचारायचे. आईने पंधरा दिवस सोसलं आणि मग मला म्हणाली, "यांना तुज्या मशीनजवळ बसव, नायतर मी चालले भावाकडं."

म्हणून मी बाबांना काम दिलं. खोटं काम, हे मला माहीत होतं. माझा प्रोग्राम साधारण तासाला एक ओळ पडद्यावर टाकायचा: मशीन सुरू झाल्यापासूनची कितवी ओळ तो क्रमांक, आणि पुढे त्या अकरांतल्या पाच मुख्य गोष्टींचे आकडे. मी म्हटलं, बाबा, तुम्ही हे आकडे लिहून ठेवाल का? बाबांनी कपाट उघडलं आणि निवृत्तीच्या दिवशी आठवण म्हणून मिळालेलं कोरं लॉगबुक बाहेर काढलं. आखलेलंच होतं. वेळ, रीडिंग, ऑपरेटरची सही, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी दोन चौकटी, एक 'शेरा' आणि एक 'तपासणाऱ्याची सही'.

"तपासनारी तू," बाबा म्हणाले.

सकाळी सहाला ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मशीनसमोर बसायचे. रात्री दहाला उठायचे. मधल्या ओळी कोऱ्या सोडून त्यात बारीक अक्षरात लिहायचे, 'माणूस हजर नाही.' मी त्यांना सांगितलं, पडदा वर सरकवला की रात्रीचे आकडे दिसतात.

"मी नव्हतो ना तवा समोर?"

"पण आकडे तर आहेत."

"असू देत. जे होताना बघितलं नाय ते लिवायचं नाय."

हा किस्सा मी संस्थेत चहाच्या वेळी सांगितला आणि सगळे हसले. मीही हसले. बोलताना बाबा मोरिवलीचे असले तरी वहीत ते शुद्ध सरकारी मराठी लिहितात, हेही मी नक्कल करून दाखवलं.

शुक्रवारी सकाळी आठला, वीज जायच्या आधी, ते चहासोबत वही माझ्यासमोर ठेवायचे. मी एका हाताने चहा घ्यायचे, दुसऱ्या हाताने सही करायचे आणि डोळे फोनमध्ये ठेवायचे. एका माणसाने एका वेळी याहून जास्त कामं तरी किती करायची?

पाच आठवडे झाले आणि उत्तर आलं. प्रोटॉन. नुसतं आलं नाही, ठाण मांडून बसलं. पाच आठवडे प्रोग्राम फिरून फिरून त्याच कोपऱ्यात येत होता, इलेक्ट्रॉनकडे ढुंकूनही बघत नव्हता. आमच्या क्षेत्रात लोक वर्षानुवर्षं "दोन्ही शक्यता खुल्या आहेत" असं लिहून पोट भरतात, आणि इथे माझ्या खरवईच्या बेडरूममध्ये निकाल लागला होता. माझ्या मार्गदर्शक मॅडम सहसा कशाने हलत नाहीत. त्या म्हणाल्या, "सुंदर आहे." बाहेरच्या एका देशात दोन वर्षांच्या संशोधनाची जागा निघाली होती. मॅडमनी तिकडे कळवलं, आणि दहा दिवसांनी मुलाखत ठरली. माझी शिष्यवृत्ती संपत आली होती. ही जागा मिळाली तर मी माझ्या जेटजवळ राहणार, नाहीतर बदलापूरच्या क्लासमध्ये बारावीला फिजिक्स शिकवणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आईने तर दोन मोठ्या बॅगा उतरवून उन्हात ठेवल्या होत्या.

मुलाखतीत दाखवायच्या चित्रांत शेवटचं चित्र काहीतरी हलकंफुलकं असावं असं मला वाटलं. बाबांच्या वहीचा फोटो. निवृत्त बॉयलर ऑपरेटर मुलीच्या कृष्णविवराची दर तासाला नोंद ठेवतो. परदेशी लोकांना असलं फार आवडतं. मी वही उघडली, एक सुबक पान शोधायला म्हणून चाळू लागले. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच मी त्या आकड्यांकडे पाहत होते, तेही ते फोटोत नीट दिसतील ना या काळजीने.

दुसऱ्या आठवड्याची आठवी ओळ आणि तिसऱ्या आठवड्याची आठवी ओळ एकच होती. सातवीही. मी चौथा आठवडा काढला. दशांशानंतरच्या शेवटच्या अंकापर्यंत तेच.

बाबा मशीनसमोर बसलेले होते.

"बाबा, हे बघून लिहिलंत की मागचं पान उतरवलंत?"

"काय?"

"सगळ्या आठवड्यांचे आकडे सारखे आहेत. कंटाळा आला होता तर सांगायचं. कॉपी कशाला करायची? मी काही तुमची साहेब नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पेनाला टोपण लावलं, पेन खिशाला अडकवलं, चपला घातल्या आणि ते निघून गेले. भांडले असते तर बरं झालं असतं.

आई स्वयंपाकघरातून आली. "काय बोललीस गो त्यांना? च्या तसाच हाय."

"काही नाही."

"काय नाय कसं? मोरिवलीला चाललो म्हनाले. जेवायला थांबू नका म्हनाले."

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मला तेव्हाही माहीत होती. बाबांनी ती इतक्यांदा सांगितली होती की मी ती ऐकणं सोडून दिलं होतं. कारखान्यात रीडिंग उतरवण्याची रीत सर्रास होती. उठून मीटरपर्यंत कोण जाणार? आधीच्या तासाचा आकडा खाली लिहायचा, बॉयलर कुठे पळून जातोय. एका पाळीला सलग चार तास पाण्याची पातळी तीच लिहिलेली होती. खाली साहेबाची सहीही होती, तपासले म्हणून. पुढच्या पाळीला बाबांचा शहाडचा मित्र कामावर आला. त्याने वही वाचली, तिच्यावर विश्वास ठेवला आणि बॉयलरजवळ गेला. पाणी केव्हाच तळाला गेलेलं होतं. वाफेने त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. बाबांनी त्याला उचलून गेटपर्यंत आणलं. पुढे त्याला शर्टाची बटणं त्याची बायको लावून द्यायची. सही करणाऱ्या साहेबाला कुणी काही विचारलं नाही. बाबांनी मात्र त्या दिवसापासून न पाहिलेला आकडा लिहिला नाही. अशा माणसाला मी म्हणाले होते की तो कॉपी करतो.

पण हे मला लगेच सुचलं असं नाही. खरं सांगायचं तर त्या दुपारी मला बाबांचा रागच आला होता, फोटो वाया गेला म्हणून. मी वही पुन्हा उघडली ती एखादं तरी बरं पान मिळतंय का बघायला. तेव्हा कोऱ्या ओळी दिसल्या. पहिल्या दोन्ही आठवड्यांत वीज दोनला आली होती, त्यामुळे नववी ते सोळावी ओळ रात्रीत गेली होती: 'माणूस हजर नाही.' तिसऱ्या आठवड्यात वीज नऊला गेली ती अर्ध्या तासातच परत आली, म्हणून त्यातल्या बाराव्यापर्यंतच्या ओळी रात्री दहाच्या आत आल्या होत्या आणि भरलेल्या होत्या. मग चौथ्यात पुन्हा काही कोऱ्या. असं असताना तिसऱ्या आठवड्याची बारावी ओळ बाबांनी कुठून उतरवली? आधीच्या दोन्ही आठवड्यांत तर ती नव्हतीच.

मी मशीनमधली फाइल उघडली आणि बारावी ओळ शोधली. पहिल्या आठवड्याची, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या. पाचही एक. कॉपी झाली होती, पण ती बाबांनी केली नव्हती.

चूक सापडायला अर्धा तास लागला. "कुठवर आलो" ती फाइल मी अशा जागी ठेवत होते की मशीन बंद होऊन सुरू झालं की ती जागा साफ होते. फाइल सापडली नाही की प्रोग्राम मुकाट्याने पहिल्या दिवसापासून सुरुवात करायचा, तेही मीच ठरवून दिलेल्या त्याच वाटेने. म्हणजे पाच आठवडे तो पाच आठवड्यांचा रस्ता चाललाच नव्हता. एकच आठवडा पाच वेळा चालला होता. एका साक्षीदाराला पाच वेळा विचारायचं आणि पाच जण एकच सांगतात म्हणून खूश व्हायचं, अशातला प्रकार. सलग वीज असणाऱ्या देशात ही चूक घडलीच नसती.

मग मी पानांच्या तळाशी पाहिलं.

पहिल्या आठवड्याचा शेरा: 'पंखा आवाज करतो.' दुसऱ्याचा: 'रीडिंग मागील आठवड्याप्रमाणेच. पाहावे.' तिसऱ्याचा: 'पुन्हा तसेच. कृपया पाहावे.' चौथ्याचा, खाली लाल रेघ मारून: 'वरीलप्रमाणे. तातडीने पाहावे.' पाचव्याचा: 'वेळोवेळी कळवले आहे.'

आणि प्रत्येकाच्या शेजारी माझी सही. झोकदार. शेवटच्या अक्षराला शेपटी असलेली. मी तिथेच जमिनीवर बसले आणि मला रडू आलं, मुलाखतीसाठी की बाबांसाठी हे तेव्हा वेगळं काढता आलं नसतं.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "आत्ताच कळलं हे चांगलं झालं." त्यातलं चांगलं कुठे होतं ते मला अजून सापडलेलं नाही. तिकडच्या लोकांना मीच खरं काय ते कळवते असं मॅडमना सांगितलं, तसं पत्र लिहिलं, आणि रिक्षा पकडून मोरिवलीला गेले.

मोरिवलीला, अंबरनाथच्या कारखान्यांना लागून, काका राहतात. त्यांच्या घराची मागची भिंत आणि बाबांच्या जुन्या कारखान्याची भिंत यांच्यामध्ये एक गटार तेवढं आहे. बाबा ओट्यावर बसून काकांच्या पाण्याच्या पंपाचा वायसर बदलत होते. मला बघून त्यांनी हात थांबवले नाहीत.

"बाबा, माझं चुकलं."

"हं."

"आकडे मशीननेच परत परत दिले. तुम्ही बरोबर लिहिलं होतं. शेराही लिहिला होता."

"लिवलेला ना?"

"हो."

"मंग?"

"मी वाचला नाही. न वाचता सही केली." आणि मग न राहवून विचारलं, "पण बाबा, तोंडाने का नाही सांगितलंत? मी शेजारच्या खोलीत होते."

बाबांना माझा प्रश्नच कळला नाही. "वहीत लिवलं म्हंजे सांगितलंच ना? तपासनारा वाचतोच. नायतर सही कशाची करतो?"

तीस वर्षं ते असेच शेरे लिहीत आले होते, आणि तीस वर्षं कुणीतरी खाली सह्या करत आलं होतं. बाबांची अजून खात्री होती की ते सगळे वाचत होते, एक तो साहेब सोडून. त्याच्या पंक्तीला आता मी बसले होते.

त्यांनी वायसर घट्ट बसवला, हात पुसले. "बाहेरगावच्या नोकरीचं काय?"

"राहिली बहुतेक."

ते कारखान्याच्या भिंतीकडे बघत होते. मग हळूच विचारलं, "त्या आकड्यांवर इसवास ठेवून कोनाचे हात तं नाय ना भाजले?"

"नाही, बाबा."

"मंग चल," ते म्हणाले. "तुजी आय जेवायची थांबली असल."

तिकडून पत्राला उत्तर आलं. माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक तीन ओळींत होतं आणि नकार अर्ध्या ओळीत. बॅगा पुन्हा माळ्यावर गेल्या. मी क्लासमध्ये बारावीला शिकवते, आणि उरलेल्या वेळात जेट. फाइल आता योग्य जागी ठेवते. प्रोग्राम खरोखर फिरायला लागला तसा तिसऱ्या आठवड्यात तो प्रोटॉनचा कोपरा सोडून इलेक्ट्रॉनकडे गेला, तिथे रमला, पुन्हा परतला. थोडक्यात, दोन्ही शक्यता खुल्या आहेत.

बाबा मशीनसमोर पुन्हा बसले, पण लगेच नाही. चार दिवस कुकरच्या शिट्ट्या मोजल्या. पाचव्या दिवशी सकाळी सहाला इस्त्रीचा शर्ट दिसला. आईने दोन चहा ठेवले.

पहिल्या शुक्रवारी आठ वाजता वही माझ्यासमोर आली. मी फोन उलटा ठेवला, पेन घेतलं आणि सवयीने हात थेट पानाच्या तळाशी गेला. बाबांनी वही माझ्या हाताखालून ओढून घेतली, पान वरच्या टोकापासून माझ्याकडे वळवलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"आदी वाच," ते म्हणाले, आणि मी शेवटच्या ओळीपर्यंत पोचेतो त्यांनी बोट उचललं नाही.